भारतीय स्त्रीला मत ‘न मागता’ मिळालं?

दर 26 जानेवारीच्या आणि 8 मार्चच्या आसपास एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा आशय असा: ‘अमेरिकेत बायकांना मतासाठी दीडशे वर्षं झगडावं लागलं, ब्रिटनमध्ये तुरुंगात जावं लागलं, स्वित्झर्लंडमध्ये 1971 उजाडलं. आपल्याकडे मात्र एकाही बाईला रस्त्यावर उतरावं लागलं नाही. संविधानाने पहिल्या दिवसापासून सगळ्यांना हक्क दिला. ती मागणी मुळात आपली नव्हतीच, गोऱ्या बायकांनी आणलेलं खूळ होतं.’ खाली तिरंगा आणि हात जोडलेले.

यातलं खरं आहे ते आधी मान्य करू. स्वित्झर्लंडचं साल बरोबर आहे. फ्रान्समध्ये बायकांनी पहिल्यांदा मत दिलं ते 1945 मध्ये, म्हणजे आपल्या संविधानाच्या जेमतेम पाच वर्षं आधी. निरक्षरता एवढी प्रचंड असताना शिक्षणाची वा मालमत्तेची अट न घालता सरसकट प्रौढ मताधिकार देणं ही संविधान सभेची मोठी झेप होती. तिचं श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. बाकीचा मजकूर मात्र टिकत नाही.

‘कुणी मागितलंच नाही.’

डिसेंबर 1917. भारतमंत्री माँटेग्यू राजकीय सुधारणांची चाचपणी करायला हिंदुस्थानात आले होते. मद्रासला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं आणि पुरुषांना मताचा अधिकार ज्या अटींवर द्याल त्याच अटींवर आम्हालाही द्या, असं निवेदन दिलं. मताधिकार ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीने मात्र इथल्या सामाजिक परिस्थितीत हे अकाली ठरेल म्हणून मागणी बाजूला सारली. पडदा वगैरे कारणं होतीच. म्हणजे मागणीही झाली होती आणि नकारही मिळाला होता, तोही संविधानाच्या तीस वर्षं आधी.

पुढचा भाग मुंबईचा आहे, आणि तो आपल्याच लोकांना कमी माहीत असतो याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. हेराबाई टाटा या मुंबईच्या पारशी बाई. 1911 मध्ये काश्मीरला गेल्या असताना त्यांची गाठ सोफिया दुलीपसिंग यांच्याशी पडली. सोफिया म्हणजे महाराजा रणजितसिंगांची नात, लंडनच्या मताधिकार चळवळीतली कार्यकर्ती. त्यांच्या कपड्यांवर ‘स्त्रियांना मत’ असा छोटा बिल्ला होता. हे काय, म्हणून हेराबाईंनी चौकशी केली आणि त्या या कामात ओढल्या गेल्या त्या कायमच्या. 1919 मध्ये लंडनला संसदेच्या संयुक्त समितीपुढे हिंदुस्थान सरकार विधेयकाची सुनावणी चालू झाली तेव्हा हेराबाई आणि त्यांची विशीतली मुलगी मिठन बोटीने तिकडे गेल्या. सरोजिनी नायडू आणि ॲनी बेझंट यांच्याबरोबर त्यांनीही बाजू मांडली. लंडनने उत्तर दिलं ते सरकारी हुशारीचा नमुना म्हणावा असं: हा तुमचा घरचा प्रश्न आहे, तुमची प्रांतिक कायदेमंडळं काय ते ठरवतील! मिठन तिथेच राहून शिकली, बॅरिस्टर होऊन परतली आणि पुढे मिठन लाम या नावाने मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली.

संसदेने चेंडू प्रांतांकडे टोलवला, म्हणून भांडण प्रांताप्रांतांत गेलं. 1921-22 मध्ये मुंबई इलाख्यात या चळवळीच्या अग्रभागी होत्या पुण्याच्या सेवासदनच्या रमाबाई रानडे. तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. रस्त्यावर कुणी उतरलं नाही म्हणणाऱ्यांनी निदान पुण्याचा इतिहास चाळावा.

‘पुरुषांनी आनंदाने दिलं.’

काही ठिकाणी दिलं. मद्रास आणि मुंबई या दोन्ही कायदेमंडळांनी 1921 मध्येच स्त्रियांवरची बंदी उठवली. पण त्याच वर्षी बंगालच्या कायदेमंडळाने तोच ठराव फेटाळला. कवयित्री कामिनी राय आणि त्यांच्या सहकारी बायकांनी आणखी चार वर्षं खेटे घातले, तेव्हा कुठे 1925 मध्ये तो मंजूर झाला. बिहार-ओरिसात तर 1929 उजाडलं. शिवाय सुरुवातीला मिळालं ते फक्त मत. बाईला स्वतः कायदेमंडळासाठी उभं राहायचं तर 1926 पर्यंत थांबावं लागलं.

आणि मत तरी कुणाला? शेतसारा, घरपट्टी, आयकर यांतलं काही तरी स्वतःच्या नावावर असेल तिला. त्या काळी किती बायकांच्या नावावर सातबारा होता, हे वेगळं सांगायला नको. 1935 च्या कायद्याने मतदार बायांची संख्या वाढून साठ लाखांच्या आसपास गेली, पण पुरुष मतदार जवळपास तीन कोटी होते. त्या साठ लाखांतही बऱ्याच जणींना हक्क मिळाला तो नवऱ्याच्या मालमत्तेच्या जोरावर, आणि काही प्रांतांत त्यासाठीही स्वतः अर्ज करायची अट होती.

‘गोऱ्या बायकांचं खूळ.’

मार्गारेट कझिन्स आयरिश होत्या आणि 1917 चं निवेदन तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, हे खरं. सुरुवातीची मागणी सुशिक्षित, सुखवस्तू बायकांची होती हेही खरं. पण पुढे काय झालं ते बघा. 1930 च्या सुमारास ब्रिटिश खासदार एलिनॉर रॅथबोन यांच्यासारख्या हितचिंतक सांगत होत्या की मतदारांच्या बायकांना मत घ्या, राखीव जागा घ्या, आत्ता मिळतंय ते पदरात पाडून घ्या. अखिल भारतीय महिला परिषदेसह तीन मोठ्या संघटनांनी 1931 च्या संयुक्त निवेदनात याला सरळ नकार दिला. नवऱ्याच्या जोरावर मत नको, राखीव जागा नकोत, सर्व प्रौढांना सरसकट मताधिकार हवा, अशी त्यांची मागणी होती. राखीव जागांबद्दल त्यांचं गणित चुकलं की काय, यावर आजही वाद घालता येईल. मला स्वतःला ते चुकलं असं वाटतं. पण गोऱ्यांची री ओढल्याचा आरोप त्यांच्यावर तरी चिकटत नाही. या परिषदेचं पहिलं अधिवेशन 1927 च्या जानेवारीत पुण्यात भरलं होतं. संविधान सभेत बसलेल्या हंसा मेहता याच परिषदेच्या अध्यक्ष राहिलेल्या.

प्रौढ मताधिकाराचा आग्रह फक्त या संघटनांचाही नव्हता. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी तो मांडला, त्याच वर्षी मोतीलाल नेहरूंच्या अहवालात तो आला. संविधानातलं कलम 326 लिहिलं गेलं तेव्हा त्यामागे एवढी सगळी वहिवाट होती.

‘पहिल्या दिवसापासून सगळ्यांना.’

कायद्याने, हो. पहिल्या निवडणुकीची यादी करताना मात्र वेगळीच अडचण निघाली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांत असंख्य बायांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलंच नाही. यादीत नोंद झाली ती ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ अशी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, नाव हवंच, असं बजावलं. नावं मिळवायचा पुन्हा प्रयत्न झाला, तरीही जवळजवळ 28 लाख बाया शेवटी यादीतून वगळाव्या लागल्या. 1951-52 ला देश मतदान करत होता तेव्हा हक्क असूनही त्या घरीच राहिल्या.