तिसऱ्यांना म्हणे टॅग लागणार

गेले काही दिवस नवी मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. आमच्या गटात तो एकाच सकाळी तिघांनी टाकला आणि तिघांनीही वर ‘महत्त्वाचे’ असे लिहिले. मजकूर थोडक्यात असा: तिसऱ्या, खुबे आणि कालवे या खाण्याच्या शिंपल्यांच्या प्रत्येक टोपलीवर सरकारने टॅग सक्तीचा केला असून तो नसेल तर कोळणीला ५ लाख रुपये दंड होणार आहे, परदेशातसुद्धा असले काही नसते, नाहीतरी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून नीट उकळल्या की तिसऱ्यांत काही उरत नाही, ज्यांना भीतीच वाटते त्यांनी मॉलमधले पाकीट घ्यावे, कारण त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर असतो, म्हणजे माल तपासलेला असतो, आणि एकूण हा सगळा कोळीवाड्यांचा धंदा मोडून कंपन्यांच्या घशात घालण्याचा डाव आहे.

यातले उकळण्याचे विधान अर्धे खरे आहे; बाकीची तपासून पाहिली तर टिकत नाहीत. टॅग, म्हणजे मालाला बांधायची चिठ्ठी, ही विकणाऱ्यावर ठेवलेली पाळत किंवा ताजेपणाची ग्वाही, असे लिहिणाऱ्याने धरून चालल्याचे दिसते. शिंपल्यांवरच्या चिठ्ठीचे काम त्याहून साधे आहे. माल कोणत्या पाण्यातून आणि कोणत्या दिवशी निघाला, ही माहिती चार हात बदलल्यावरही पुसली जाऊ नये, एवढ्यासाठी ती असते.

प्रथम दंडाविषयी. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याच्या कलम १८ मधील तिसरे पोटकलम शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला त्याच्या स्वतःच्या कामापुरते कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवते, म्हणजे उधाणाच्या ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला तिच्या त्या कामासाठी हा कायदा लागूच होत नाही. तोच माल मच्छीमाराच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेला की कायदा त्याला ‘प्राथमिक अन्न’ म्हणतो आणि तिथून पुढची जबाबदारी सुरू होते. पण तिथेही कलम ३१ चे दुसरे पोटकलम फेरीवाले आणि छोटे किरकोळ विक्रेते यांना परवान्यातून वगळते आणि त्यांनी नोंदणी तेवढी करावी असे सांगते. संदेशातले ५ लाख बहुधा याच कायद्याच्या कलम ६३ च्या मूळ मजकुरातून उचललेले असावेत. ते कलम परवान्याशिवाय धंदा करणाऱ्यांबद्दल आहे, आणि ३१(२) खाली सूट असलेल्यांना त्याने सुरुवातीलाच कंसात वगळून ठेवले आहे. लेबलांचे म्हणाल तर २०२० चे लेबलविषयक विनियम मुख्यतः आधीच बंद केलेल्या पाकिटांसाठी आहेत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वाटा उचलून पिशवीत टाकणे म्हणजे असे पाकीट नव्हे.

याचा अर्थ आपल्या कायद्यात मालाचा माग काढण्याची सोयच नाही, असाही नव्हे. कलम २६ नुसार व्यावसायिकाने विक्रेत्याला माल देताना त्याच्या दर्जाची लेखी हमी द्यावी लागते आणि साधे बिलही अशी हमी धरले जाते. कलम २७ नुसार माल कोणाकडून घेतला हे विक्रेत्याला दाखवता आले नाही तर त्या मालाची जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडते. आणि माल असुरक्षित निघाल्यास तो बाजारातून परत घेण्याची तरतूद कलम २८ मध्ये आहे. दंडाची भीती कोणी बाळगायचीच असेल, तर ती तीन-चार बंदरांवरचा माल एकत्र करून हॉटेलांना पुरवणाऱ्या आणि बिलाचे नाव काढताच हसणाऱ्या व्यापाऱ्याने बाळगावी. मात्र ही सगळी साखळी माणसांची आहे. कोणी कोणाला विकले ते बिलावरून कळते. कोणत्या खाडीतून निघाले ते कळत नाही. माशाच्या बाबतीत एवढ्यावर भागते, कारण मासा हिंडता असतो. तिसरी मात्र एका जागी रुतून बसते, तिथलेच पाणी दिवसाला कित्येक लिटर गाळते, आणि त्या पाण्यात जे असेल ते अंगात साठवते. म्हणून शिंपल्यांच्या बाबतीत विकणाऱ्याच्या नावाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पाण्याचे नाव महत्त्वाचे.

हा फरक आपल्याकडच्याच एका नियमात फार नेमका नोंदलेला आहे, आणि तो कोणाच्या फारसा लक्षात नाही याचे मला नवल वाटते. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ यांच्या पहिल्या अनुसूचीत किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या पाण्याचे, वापरानुसार, पाच वर्ग केले आहेत. व्यापारी मासेमारी दुसऱ्या वर्गात, पोहण्याच्या पाण्यासोबत आहे. शिंपले वेचणे मात्र पहिल्या वर्गात, मिठागरे आणि पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांच्या पंक्तीला बसवले आहे. माशांना जे पाणी चालते ते शिंपल्यांना चालेलच असे नाही, हे सरकारी कागदावर तीन दशकांहून अधिक काळ लिहिलेले आहे. नवी मुंबईलगतच्या ठाणे खाडीच्या पूर्व काठावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे, आणि दोन्ही काठांवरच्या शहरांचे सांडपाणी याच खाडीत उतरते. त्याच खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ही गोष्ट वेगळी. रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, दाटी म्हणजे तिथली तिसरी खाण्यालायक असल्याचा दाखला नव्हे.

‘परदेशातसुद्धा असले काही नसते’ हे विधान तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. १९२४ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन या शहरांत कालवांमधून विषमज्वर पसरला, सुमारे दीड हजार माणसे आजारी पडली आणि दीडशेच्या आसपास दगावली. लोकांनी कालवे खाणे इतके टाकले की धंदेवाल्यांनीच सरकारकडे धाव घेतली, आणि फेब्रुवारी १९२५ मध्ये भरलेल्या परिषदेतून आजही चालू असलेला शिंपले-स्वच्छता कार्यक्रम उभा राहिला. त्यानुसार कालवांच्या प्रत्येक पोत्याला पाण्याने न विरघळणारी चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर काढणाऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा क्रमांक, काढल्याची तारीख, ठिकाण, शिंपल्यांची जात आणि प्रमाण लिहिलेले असते. पोते रिकामे होईपर्यंत ती काढायची नाही आणि नंतर ९० दिवस जपून ठेवायची, असा हॉटेलवाल्यालाही नियम आहे.

हे ९० दिवस कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल, कारण कालव काही तीन महिने टिकत नाही. उत्तर काविळीत आहे. ‘अ’ प्रकारच्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात. माणूस डॉक्टरकडे पोहोचून निदान होईपर्यंत त्या जेवणाची आठवणही पुसट झालेली असते, आणि तेव्हा हॉटेलच्या खिळ्याला टोचून ठेवलेली चिठ्ठी हाच एक पुरावा उरतो. दूषित पाण्यातले शिंपले बाजारात आले तर काय होते ते १९८८ च्या आरंभी शांघायने पाहिले. अर्धेकच्चे शिंपले खाल्ल्याने तिथे सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली. युरोपीय संघात पाण्याचीच वर्गवारी करतात: शिंपल्याच्या १०० ग्रॅम मांसात मैल्यातला ई. कोलाय हा जिवाणू बहुतेक नमुन्यांत २३० च्या आत असेल तर तो भाग ‘ए’ आणि तिथला माल थेट बाजारात. ‘बी’ वर्गातला माल आधी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत शुद्ध करायचा. आणि सुट्या विक्रीसाठी पोते फोडल्यावरही दुकानदाराने चिठ्ठी ६० दिवस ठेवायची.

मिठाच्या पाण्याचे आणि उकळण्याचे विधान हेच ते अर्धे खरे. आपल्याकडे तिसऱ्या कच्च्या कोणी खात नाही. विळीवर फोडून किंवा वाफेवर उघडून त्या पुन्हा वाटणात शिजतात, आणि शांघायची साथ आपल्या पद्धतीच्या सुक्याने बहुधा ओढवली नसती, हे मान्य करायला हवे. एक खबरदारी तेवढी घ्यावी: शिंपला उघडला म्हणजे शिजला असे नाही. विषाणू मरण्यासाठी आतल्या मांसाचे तापमान ९० अंशांवर दीड मिनिट राहावे लागते, आणि शिंपल्याचे तोंड त्याआधीच उघडते. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्याने रेती निघते, ते जरूर करावे. पण घरच्या पातेल्यातले साचलेले पाणी म्हणजे शुद्धीकरणाच्या टाकीतले सतत फिरणारे, निर्जंतुक होत राहणारे पाणी नव्हे.

संदेशाच्या लेखकाने ज्या गोष्टी विचारातच घेतलेल्या नाहीत त्या जिवाणूंच्या पलीकडच्या आहेत. शिसे आणि कॅडमियम हे धातू आहेत. ते उकळून मरत नाहीत, कारण ते जिवंतच नसतात. तीच गत काही सूक्ष्म शैवालांच्या विषाची. सॅक्सिटॉक्सिन नावाचे विष शिंपल्यात साठते, नेहमीच्या शिजवण्याने जात नाही, चवीला कळत नाही, आणि जास्त मात्रेत श्वासाचे स्नायू लुळे पाडते. १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे असे शिंपले खाऊन शेकडो लोक आजारी पडले आणि त्यांपैकी काही दगावले. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात या विषाची मर्यादा एका किलो मांसात ०.८ मिलिग्रॅम इतकी आहे. जिवंत तिसरी टिचकी मारल्यावर मिटते, ती ताजी असल्याची खूण उत्तम आहे, आमच्या आजीनेही तीच शिकवली. परंतु विष साठलेला शिंपलाही तितक्याच तत्परतेने मिटतो. अशा वेळी उपाय एकच असतो, तो म्हणजे ज्या पाण्यात विष सापडले तिथला माल ओळखून बाजूला काढणे. ओळखायचे कशावरून, हा प्रश्न आला की पुन्हा चिठ्ठीपाशी येऊन थांबावे लागते.

राहिला पाकिटावरचा नंबर. संदेश वाचून मी मुद्दाम एका मॉलमधील बर्फाच्या पेटीतून सोललेल्या तिसऱ्यांचे पाकीट उचलले आणि दोन्ही बाजू वाचल्या. वजन होते, बांधणीची तारीख होती, उणे १८ अंशांवर ठेवण्याची सूचना होती, पाककृतीसुद्धा होती. पाण्याचे नाव कुठेही नव्हते. नंबर १४ आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी; पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी १५, केंद्रीय परवान्यात तिथे शून्ये असतात; त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे पाकीट भरणारा कोण, हे त्यावरून शोधता येते, आणि ते उपयोगाचे आहेच. पण आतल्या तिसऱ्या कोणत्या खाडीच्या, आणि ते पाणी कोणी तपासले का, याबद्दल तो नंबर एक अक्षर बोलत नाही. जाता जाता, ज्यांना शिंपल्यांची ॲलर्जी आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: आपल्या लेबल-विनियमांतील ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत कोळंबी-खेकड्यांचा वर्ग आहे, मासे आहेत, पण शिंपल्यांचा वर्ग स्वतंत्रपणे नाही. युरोपच्या यादीत तो आहे.

कोळीवाडा बुडवण्याच्या डावाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्याला पुरावा संदेशातही दिलेला नाही. केरळातील अष्टमुडी सरोवरातील तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, भारतातले पहिलेच. ते मिळाले तेव्हा तिथे लहान होड्यांतून, हाताने किंवा हाताने ओढायच्या जाळ्याने तिसऱ्या काढणारेच लोक होते. विणीच्या महिन्यांतली बंदी आणि जाळ्याच्या भोकाचा आकार त्यांनी पाळला. माल कुठला, हे सांगता येणे ही विक्रीची ताकद ठरू शकते.

आणि खरे तर सांगता आपल्याकडेही येते. रविवारी सकाळी नवी मुंबईतील दिवाळे गावाच्या बाजारात एका मावशींच्या पाटीत ओल्या गोणपाटावर तिसऱ्यांचे वाटे दोन ओळींत मांडलेले होते, एक ओळ दुसरीपेक्षा महाग. मी विचारले, “मावशी, या आपल्या खाडीच्या का?” त्या म्हणाल्या, “नाय रं बाला, खारीच्या मी घेतच नाय. ही उरनची, ही अलिबागच्या बाजूची. भाव येगला हाय.” मी दोन्हींतला एकेक वाटा घेतला. त्यांनी विचारले, “येगल्या बांदू?” घाईत होतो, एकाच पिशवीत टाका म्हणालो. घरी परातीत ओतल्यावर बायकोने कुठल्या म्हणून विचारले, तेव्हा उरणची कोणती आणि अलिबागची कोणती, हे मला सांगता येईना.