पुरस्कार द्या, पण सरांना अर्ज करायला लावू नका

ऑगस्ट उजाडला की आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शिक्षणसंस्था शिक्षक दिनाच्या आसपास आपले 'उत्कृष्ट प्राध्यापक' जाहीर करतात, शाल-श्रीफळाचे फोटो येतात आणि ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सगळा वशिल्याचा मामला आहे, बंद करा. दुसरा म्हणतो, चार माणसांत कुणाच्या पाठीवर थाप पडली तर तुमचं काय जातं?

मी दुसऱ्या तटातला. कॅनडात, ऑन्टॅरिओत राहून हे लिहितोय आणि पुरस्कार हवेत असंच माझं मत आहे. चांगलं शिकवणारा माणूस बहुतेक वेळा कुणाच्या नजरेत येत नाही. केंद्र सरकारनंही २०२३ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारात उच्च शिक्षणातल्या शिक्षकांना घेतलं. त्या वर्षीच्या ७५ पुरस्कारांपैकी १३ त्यांच्या वाट्याला आले. माझं भांडण आहे ते निवडीच्या पद्धतीशी.

यंदा ग्रुपवर एका संस्थेच्या अर्जाचा नमुना आला. तो मी शेवटपर्यंत वाचला. प्रकाशित शोधनिबंध, चर्चासत्रं, पुस्तकं, समित्यांवरचं काम, शिबिरं, यापूर्वीचे पुरस्कार. प्रत्येकाला गुण, प्रत्येकासोबत साक्षांकित प्रती. वर्गातल्या शिकवण्याला 'अध्यापनातील नवोपक्रम' एवढी एकच ओळ. अर्ज प्राध्यापकानं स्वतः करायचा, प्राचार्यांच्या शिफारशीसह. आणि पहिलीच अट अशी की अर्जदार नियमित, पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक असावा.

या अटीपाशी मी थबकलो. आपल्याकडे प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडलेली असते आणि रिकाम्या जागांवरचं शिकवणं तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे प्राध्यापक ओढतात. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएच.डी. झालेली माणसं. तास घेतला तर त्या तासाचे पैसे, सुट्टी लागली की काही नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार अशी मर्यादा सुचवली होती. तालुक्याच्या गावी आजही तो आकडा सांगितला तर ऐकणारा गप्प बसतो. वर्ग यांच्या जिवावर चालायचा आणि 'उत्कृष्ट' ठरवताना हे रांगेतही नाहीत, हे मला पटत नाही.

मला रसायनशास्त्र ज्यांनी शिकवलं ते सर असेच तासिकेवर होते. पारोळ्याहून एस.टी.नं अमळनेरला यायचे, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसरीकडे. प्रॅक्टिकलला टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून प्रमाण मोजायचा प्रयोग, असलं की ते प्रत्येक टेबलापाशी थांबायचे. कोनिकल फ्लास्कखाली पांढरा कागद सरकवायचे आणि शेवटचे थेंब आमच्याच हातानं सोडायला लावायचे. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग अगदी फिका यायला हवा. गडद झाला की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. खाडाखोड करून जर्नलमध्ये आकडा जुळवलेला त्यांना लगेच कळायचा. रागवायचे नाहीत, 'समजनं का भो?' एवढंच विचारायचे आणि ब्युरेट पुन्हा भरायला सांगायचे. साक्री-शिरपूरकडून आलेल्या, प्रमाण मराठीतही अडखळणाऱ्या पोरांना त्यांनी मोलॅरिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता, अहिराणीतून समजावली. आज मी इथे पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. आकडा जुळवायचा नसतो ही शिस्त मला तिथून मिळाली. सरांचा एकही शोधनिबंध नव्हता. त्या अर्जाच्या नमुन्यात त्यांना किती गुण मिळाले असते याचा हिशेब मी करून पाहिला, आणि अंगावर काटा आला.

अमळनेर म्हटलं की साने गुरुजी आठवतातच. १९२४ ते १९३० या काळात ते तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. शाळेतली गोष्ट आहे, कॉलेजातली नाही, पण मुद्दा तोच. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. ते या अर्जाच्या कोणत्या रकान्यात बसतं? शोधनिबंध नाही, चर्चासत्र नाही, समिती नाही. त्याची किंमत ठाऊक होती ती फक्त वाचणाऱ्या मुलांना.

कॅनडात थ्री-एम नॅशनल टीचिंग फेलोशिप नावाचा सन्मान आहे, १९८६ पासूनचा. देशभरातून वर्षाला जास्तीत जास्त दहा जण निवडतात. शिक्षक स्वतःचं नाव पाठवू शकत नाही, ते दुसऱ्यांनी पुढे करावं लागतं, आणि सोबत विद्यार्थ्यांची व सहकाऱ्यांची पत्रं जातात. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती पात्रतेची अट: विषय कोणताही, हुद्दा कोणताही, नेमणूक कायम असो की मुदतीची, शिकवणारा प्रत्येक जण पात्र. एवढं एक वाक्य आपल्या अर्जांत आलं तर निम्मं काम होईल.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र मी सांगणार नाही. इथल्या विद्यापीठांतही मान संशोधनाच्या अनुदानाला आधी आणि शिकवण्याला नंतर. एकेका विषयापुरते नेमलेले 'सेशनल' इथेही आहेत, दर सत्राला नव्यानं अर्ज करणारे. पुरस्कारामुळे त्यांची नोकरी पक्की होत नाही. पण पुरस्काराच्या दारातून तरी त्यांना परत पाठवत नाहीत.

ग्रुपवर मी हे मांडलं तेव्हा एका मित्रानं चांगला आक्षेप घेतला. विद्यार्थ्यांवर सोपवलं तर सढळ हातानं गुण देणारा, हसवणारा प्राध्यापक जिंकेल. नाहीतर जातीचं आणि गटाचं गणित चालेल. ही भीती खरी आहे, आणि इथे तिचा रीतसर निवाडा झाला आहे. टोरांटोच्या तेव्हाच्या रायर्सन (आताच्या टोरांटो मेट्रोपॉलिटन) विद्यापीठाच्या प्रकरणात लवाद विल्यम कॅप्लन यांनी जून २०१८ मध्ये निकाल दिला की विद्यार्थ्यांनी भरलेल्या मूल्यमापनाच्या तक्त्यांवरून बढती किंवा कायम नेमणुकीसाठी शिकवण्याची परिणामकारकता मोजता येणार नाही. शिक्षक बाई आहे की पुरुष, कोणत्या वंशाची, तिचे उच्चार कसे आहेत, वर्ग किती मोठा, विषय आकडेमोडीचा आहे का, अशा गोष्टींचा त्या गुणांवर परिणाम होतो, असं पुराव्यातून पुढे आलं होतं. उच्चारांची बाब मला फार जवळची वाटली. अहिराणी वळणानं बोलणाऱ्या प्राध्यापकाला 'गावंढळ' म्हणणारी पोरं आपल्याकडेही होती, आणि त्यांच्याच घरी अहिराणी बोलली जायची.

म्हणून कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी विद्यार्थ्यांकडून जे समाधान सर्वेक्षण भरून घेतात, त्यातल्या शून्य ते चारच्या गुणांवरून पुरस्कार ठरवू नये. गुण मागू नका, हकीकत मागा. आणि ती वर्गात बसलेल्यांकडे मागू नका, कारण त्यांचे अंतर्गत गुण सरांच्याच हातात असतात. पास होऊन पाच-सात वर्षं झालेल्यांना विचारा. त्या माणसाला आता काही लपवायचं नसतं, काही मिळवायचंही नसतं. सरांनी नेमकं काय शिकवलं, कसं शिकवलं, ते आज कुठे उपयोगी पडतंय, एवढं एका पानात लिहून द्यायला सांगा. 'सर फार प्रेमळ होते' एवढ्यावर थांबणारं पत्र आणि शेवटचा थेंब कसा सोडायचा हे सांगणारं पत्र यांतला फरक निवड समितीला सहज कळतो. पत्र मराठीत असो, अहिराणीत असो, पावरा आदिवासींच्या पावरीत असो, चालेल.

तासिकेवरच्या प्राध्यापकांना शाल दिली म्हणजे पगाराचा प्रश्न सुटला असं कुणी समजू नये. तो लढा वेगळा आहे, तो सरकारशी आहे आणि तो चालूच राहायला हवा. पुरस्कार मात्र संस्थेच्या हातात आहे, त्यासाठी मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही.

माजी विद्यार्थी शोधणंही अवघड नाही. खानदेशची पोरं सुरत, नाशिक, पुण्याला पांगली आहेत, पण प्रत्येक बॅचचा ग्रुप आहे आणि कार्यालयातल्या बाबूंकडे नाही तर ग्रंथपालांकडे कुणाचा तरी नंबर असतोच. ५ सप्टेंबरला नाव जाहीर करायचं असेल तर पत्रं जूनमध्येच मागवावी लागतील, आणि नमुन्यातली 'नियमित, पूर्णवेळ' ही अट त्याआधीच्या सभेत काढावी लागेल. ज्या संस्थांच्या कार्यकारिणीत आमच्या ग्रुपमधले कुणी आहेत, त्यांनी हा विषय मे महिन्याच्या सभेपुढे ठेवावा. पहिलं पत्र मी लिहून ठेवलं आहे.