गुलाबी म्हणजे कच्चं नव्हे

भाचा विस्कॉन्सिनला शिकतो. शिकारीहून आलेल्या मित्राने त्याला दोन मॅलार्ड बदकं दिली आणि नेमका त्याच आठवड्यात मराठी ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज त्याला मिळाला: ‘जंगली बदकाला अशी धुरी द्या, कोरडं पडलं तर बोला!’ रात्री अकराला फोन. “मामा, चप्पल झालीय चप्पल. दुसरं ओट्यावरच ठेवलंय, चालेल ना?”

नाही चालणार. आधी तेच सांगतो, कारण मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ तीच आहे: ‘धुरी दिलेल्या मांसाला फ्रीज लागत नाही, आपले सुके बोंबील नाही का टिकत?’ अहो, बोंबील टिकतात ते खडखडीत वाळतात म्हणून. एकीकडे मांस रसाळ राहील म्हणता आणि दुसरीकडे ते बाहेर टिकेल म्हणता. ओलावा राहिला की जंतूंचीही सोय झाली. काही तास मंद धुरात ठेवलेलं बदक हे शिजवलेलं मांस आहे, बाकी काही नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. भाच्याला ते दुसरं बदक फेकायला लावलं, जीव तुटला तरी.

आता ती चप्पल. ‘गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत, किमान सहा तास.’ रंग जाणारच नाही! धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिनला (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला) धरून बसतात आणि लाली पक्की होते. त्यातून हे हजारो मैल उडणारं पाखरू, त्याची छाती मुळातच लालभडक. अमेरिकेचं कृषी खातं स्पष्ट सांगतं की धुरी दिलेला पक्षी पूर्ण शिजला तरी गुलाबी दिसू शकतो. रंग बघू नका, आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस झालं का ते बघा. म्हणजे थर्मामीटर. १०७ ते ११० अंशांच्या स्मोकरमध्ये (धुरी द्यायच्या भट्टीत) सुटी छाती तास-दीड तासात तिथे पोचते. पुढचे साडेचार तास भाचा काय शिजवत होता, देव जाणे. तंगड्यांना मात्र वेळ लागतो, म्हणून त्या वेगळ्या ठेवायच्या.

७४ ला छाती थोडी घट्ट होते हे खरं. शिकारी लोक त्याआधीच काढतात, पण रानपाखराच्या बाबतीत मी तो धोका घेत नाही.

‘मिठाच्या पाण्याने मांस सुकतं’ हे साफ उलटं. लिटरभर पाण्यात साठेक ग्रॅम मीठ, थोडा गूळ, फ्रीजमध्ये चार-पाच तास. मीठ आत शिरलं की मांस शिजताना पाणी धरून ठेवतं. मग पुसून घ्या आणि तासभर फ्रीजमध्येच उघडं ठेवा, म्हणजे धूर नीट बसतो.

‘बदकाला चरबी भरपूर असते’ हे पाळलेल्या बदकाचं झालं. रानातलं सडसडीत असतं. त्यात बरेचजण पिसं उपटायचा कंटाळा करून कातडीच सोलतात. तसं असेल तर वरून बेकनच्या पट्ट्या लावा. मंद आचेचा सल्ला बरोबर आहे, तेवढा मान्य.

(ग्रुपमधल्या पुणे-नागपूरकरांनो, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकाची शिकार बंद आहे. कोंबडीवर भागवा.)

आणि ‘छर्रे धुरात विरघळतात’? पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१ पासून बंद आहेत, आता असतात ते बहुतेक पोलादाचे. स्मोकर म्हणजे भिलाईची भट्टी नव्हे. बोटांनी चाचपून काढा, नाहीतर दाढेखाली येतील.