समुद्रात इंजिन बिघडते तेव्हा भांडावे कशासाठी?

सोलापूरला समुद्र नाही, तरी हल्ली ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत आणि लग्नकार्यात क्रूझच्या सहलींचा विषय हमखास निघतो. केबिनला बाल्कनी आहे का, शाकाहारी जेवण मिळते का, याची चौकशी सगळे करतात; भर समुद्रात इंजिन बिघडले तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. सिंगापूरहून मुंबईकडे येणाऱ्या लांबच्या क्रूझवर आम्हा सोलापूरकरांचा एक गट होता. थायलंडमधले फुकेत सोडल्यावर जहाजाच्या एका प्रोपेलरची, म्हणजे पाण्यात फिरून जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याची, मोटर बिघडली, वेग उतरला, कोलंबोला उशीर झाला, कोचीचा थांबा रद्द झाला आणि मुंबईहून काढलेली सिद्धेश्वर एक्सप्रेसची आरक्षणे वाया गेली. त्या प्रवासात जे पाहिले त्यावरून माझे मत पक्के झाले आहे. वेग किती ठेवायचा हा निर्णय सर्वस्वी कप्तानाचा आहे आणि त्या निर्णयाची खरी माहिती वेळेवर मिळणे हा सर्वस्वी प्रवाशांचा हक्क आहे. आपण मात्र वेगासाठी भांडतो आणि माहितीसाठी गप्प बसतो.

आजची बहुतेक मोठी प्रवासी जहाजे डिझेल-इलेक्ट्रिक असतात. डिझेल इंजिने वीज तयार करतात आणि त्याच विजेवर प्रोपेलरच्या मोटरी, वातानुकूलन, स्वयंपाकघर, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारी यंत्रे, एवढेच नव्हे तर शौचालयेही चालतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ या जहाजाच्या इंजिनकक्षाला आग लागली, तेव्हा चार हजारांहून अधिक माणसे विजेविना अडकली, सांडपाणी मार्गिकांमध्ये पसरले आणि जहाज ओढत अमेरिकेतल्या मोबाइल नावाच्या बंदरात आणायला चार दिवस लागले. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘व्हायकिंग स्काय’ची इंजिने ऐन वादळात बंद पडली. टाक्यांमध्ये वंगणतेल कमी होते आणि लाटांनी जहाज हेलकावू लागल्यावर यंत्रणेने इंजिने आपोआप बंद केली. जहाजावरच्या १,३७३ जणांपैकी ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलून न्यावे लागले.

यंत्रमागाच्या कारखान्यात ज्यांनी उमेदीची वर्षे काढली आहेत, त्यांना बिघाड असताना यंत्रावर जबरदस्ती करू नये हे समजावून सांगावे लागत नाही. बेअरिंग तापले की माग थांबवायचा, मालाची तारीख उद्याची असली तरी थांबवायचा. तरीही आमच्याच जहाजावर सुशिक्षित प्रवासी रिसेप्शनसमोर उभे राहून ‘उरलेल्या मोटरीवर जोर द्या’ म्हणून ओरडत होते, याचे मला फार वाईट वाटले. सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट तरतूद आहे की सुरक्षिततेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयाच्या आड जहाजाच्या मालकानेसुद्धा येऊ नये. जिथे मालकाला अधिकार नाही, तिथे तिकीट काढलेल्या माणसाला तो कुठून येणार?

आता माहितीविषयी. फुकेत ते कोलंबो हे अंतर सुमारे १,१०० सागरी मैल आहे. १८ नॉट, म्हणजे ताशी १८ सागरी मैल, वेगाने ते अडीच दिवसांत कापता येते, १२ नॉटने जवळपास चार दिवस लागतात. त्यात बंदरातला धक्का ठरावीक वेळेसाठी राखून ठेवलेला असतो. ती वेळ हुकली की नवा धक्का आणि जहाजाला बंदरात आणणारा नवा पायलट मिळेपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबावे लागते. हा हिशेब पहिल्याच संध्याकाळी सांगता आला असता. प्रत्यक्षात ध्वनिक्षेपकावरून ‘तांत्रिक कारण’ एवढेच शब्द, तेही इंग्रजीत, पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिले. आमच्या गटातल्या एक काकू मधुमेही आहेत. इन्सुलिन पुरेल की नाही या काळजीने त्या रात्रभर जाग्या होत्या आणि त्यांना उत्तर द्यायला कुणाकडेच काही नव्हते. जेवणाच्या टेबलांवर तर जहाज बुडणार इथपर्यंत बोलणे गेले होते.

अखेर आम्ही काही जणांनी सह्या करून लेखी मागणी दिली की सकाळ-संध्याकाळ जहाजाचा वेग, अपेक्षित वेळ आणि बिघाडाची स्थिती जाहीर करावी. दुसऱ्या दिवशी मुख्य अभियंत्यांनी नाट्यगृहात येऊन फळ्यावर आकृती काढली, कोणती मोटर बंद आहे आणि ती समुद्रात का उघडता येत नाही हे सांगितले. गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने ते मराठीत समजावले. उशीर एका तासानेही कमी झाला नाही, तरी आरडाओरडा त्या संध्याकाळी थांबला. हीच सभा आधी झाली असती तर काकूंची ती रात्र टळली असती, याचा राग मला आजही आहे.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की औषधे किमान एका आठवड्याची जादा घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. मुंबईत उतरण्याच्याच दिवशीची परतीची गाडी धरू नये. विमा घेताना उशीर आणि रद्द झालेले बंदर यांची भरपाई त्यात आहे का, हे वाचून घ्यावे, कारण मार्ग बदलण्याचा अधिकार कंपन्या तिकिटाच्या अटींमध्ये बहुधा राखून ठेवतात.

क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मे २०१३ मध्ये स्वीकारलेल्या प्रवासी हक्कांच्या जाहीरनाम्यात बिघाडाची वेळोवेळी माहिती मिळण्याचा हक्क नमूद आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरच्या माणसाला त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. घोषणांच्या वेळा, रोजची छापील पत्रके आणि वाया गेलेली तिकिटे जपून ठेवावीत. आमच्या सहल आयोजकाकडे आम्ही तीच जोडून अर्ज दिला आहे. त्यात उशिराबद्दल एक शब्द नाही. न दिलेल्या माहितीमुळे जे नुकसान झाले, तेवढ्याचीच भरपाई मागितली आहे.