नाकारलेल्या वाटा कुठे लिहायच्या? (कोपरखैरण्याच्या एका वाचक ताईंना उत्तर)

ताई, नमस्कार. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

तुमचं म्हणणं असं: कोडिंग एजंटला, म्हणजे आपल्या सांगण्यावरून कोड लिहिणाऱ्या एआयला, एका सेशनमधलं (कामाच्या एका बैठकीतलं) दुसऱ्या सेशनमध्ये आठवावं म्हणून मेमरी देणं म्हणजे कचरा साठवणं. जे लागतं ते कोडमध्ये आणि गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) असतंच, म्हणून एजंटने दर वेळी कोऱ्या पाटीने यावं. आणि शिळी आठवण ही आठवण नसण्यापेक्षा वाईट. यातलं शेवटचं मला पूर्ण मान्य आहे. कोऱ्या पाटीचं मात्र पटत नाही.

सेशन बंद झालं की एजंटमागच्या एआय मॉडेलमध्ये काहीच उरत नाही, हे खरं. वापरामुळे त्याचे वेट्स, म्हणजे प्रशिक्षणात ठरलेले आतले आकडे, बदलत नाहीत. पुढच्या वेळी आपण कॉन्टेक्स्टमध्ये (त्या वेळी त्याच्यासमोर असलेल्या मजकुरात) जे घालू आणि ते स्वतः जे वाचेल, तेवढंच त्याला आपल्या प्रोजेक्टबद्दल कळतं. पण म्हणून पाटी कोरी होत नाही. जिथे आपलं कारण सापडत नाही, तिथे ते जगभरच्या कोडमध्ये सर्रास दिसणारी पद्धत लावतं, आणि तीही ठाम सुरात.

आमच्या महापेच्या ऑफिसमधलं उदाहरण देतो. आम्ही ट्रान्सपोर्टरांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, त्यात ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी जीएसटीत काढाव्या लागणाऱ्या बिलाची) मुदत मोजावी लागते. १४ मार्चला कितीही वाजता बिल काढलं तरी त्याचा पहिला दिवस १५ आणि १६ मार्चमधल्या मध्यरात्री संपतो, असा नियम आहे. एजंटला हा हिशेब चुकीचा वाटतो आणि तो सरळ चोवीस तास मिळवायला निघतो. तुम्ही म्हणाल, यासाठी टेस्ट (कोडचं उत्तर आपोआप तपासणारा छोटा कोड) लिहा. बरोबर, ती आहेच आणि तिची जागा तिथेच आहे. मुदतीच्या एका दिवसात किती अंतर धरायचं हा आकडाही मेमरीत नको. तो आधी १०० किलोमीटर होता, १ जानेवारी २०२१ पासून २०० झाला. जुना आकडा एखाद्या नोंदीत राहिला असता, तर तुमची भीती अक्षरशः खरी ठरली असती. कायद्यात, कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइलमध्ये) किंवा टेस्टमध्ये जे आहे ते मेमरीत पुन्हा लिहू नये, इथवर आपण एकत्र आहोत.

आता दुसरी गोष्ट बघा. ई-वे बिलाची मुदत वाढवायची तर ती संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढीच खिडकी असते. म्हणून ड्रायव्हरला वेळेवर मेसेज जावा लागतो. हा मेसेज डेटाबेसच्या ट्रिगरमधून, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या कोडमधून, पाठवायचा विचार झाला होता. नव्या ग्राहकाची जुनी बिलं एकगठ्ठा आत घेताना तो ट्रिगर संपलेल्या बिलांचेही मेसेज पाठवू लागतो, हे टेस्टिंगमध्ये दिसलं आणि आम्ही ती वाट सोडली. आज तिथे ठरावीक वेळाने चालणारा साधा जॉब आहे. कोड वाचून हा जॉब दिसतो, ट्रिगर का नाही ते दिसत नाही. गिटमध्येही नाही, कारण ती ब्रांच (त्या प्रयोगासाठी केलेली कोडची वेगळी शाखा) मुख्य कोडमध्ये मर्ज झालीच नाही, पुढे डिलीट झाली. कोडमध्येच कॉमेंट (टीप) लिहावी हा तुमचा पर्याय एखाद्या फंक्शनपुरत्या निर्णयाला चांगला आहे. इथे ती जॉबच्या फाइलमध्ये लिहिली, तरी ट्रिगर लिहायला बसलेला एजंट मायग्रेशनच्या (डेटाबेसच्या रचनेतले बदल ठेवायच्या) फोल्डरमध्ये असतो, ती फाइल तो उघडेलच असं नाही. मग दर नव्या सेशनला तो जॉबला अकार्यक्षम म्हणतो आणि ट्रिगर सुचवतो. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाला ते पटतंही, कारण युक्तिवाद खरोखर चांगला असतो.

मला मेमरी हवी आहे ती एवढ्यासाठीच: जे करून पाहिलं आणि सोडलं, त्याच्यासाठी.

ती ठेवायची कुठे? रेपोमधल्या (प्रोजेक्टचा कोड असतो त्या फोल्डरमधल्या) साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. क्लॉड कोड हा एजंट सेशनच्या सुरुवातीला क्लॉड डॉट एमडी ही फाइल वाचतो, इतर बरीच टूल्स एजंट्स डॉट एमडी वाचतात. प्रत्येक नोंदीत काय नाकारलं, का, कोणत्या तारखेला, आणि कोणत्या परिस्थितीत फेरविचार करायचा, एवढंच असावं. ट्रिगरच्या नोंदीत आम्ही लिहिलंय की जुन्या बिलांच्या इम्पोर्टला वेगळा मार्ग झाला की ही नोंद काढावी. शिळेपणावर मला तरी हाच इलाज दिसतो. फाइल छोटी ठेवायलाच हवी. लांबलचक कॉन्टेक्स्टच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलकडून जास्त निसटते, हे २०२३ च्या संशोधनात दिसलं आहे. एजंटने आपणहून सगळं व्हेक्टर डेटाबेसमध्ये (मजकूर आकड्यांच्या रूपात साठवून अर्थावरून शोधणाऱ्या डेटाबेसमध्ये) साठवत जावं, याला माझा विरोध आहे, कारण तिथे काय साठलंय ते रिव्ह्यूमध्ये कुणाच्या नजरेलाच पडत नाही.

मेमरीत बाहेरून कुणी काही पेरू शकतं, हा सुरक्षेचा तुमचा मुद्दा सगळ्यांत भक्कम आहे. बाहेरच्या वेबपानावरून पेरलेली सूचना चॅटजीपीटीच्या मेमरीत टिकते आणि पुढच्या संभाषणांतही चालते, हे २०२४ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं होतं. म्हणून आमच्याकडे एजंट नोंद फक्त सुचवतो. ती पुल रिक्वेस्टमधून (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याआधी तपासायला मांडण्याच्या विनंतीतून), माणसाच्या डोळ्यांखालून जाते. पासवर्ड, ग्राहकांची नावं, गाड्यांचे नंबर तिथे कधीच जात नाहीत.

राहिला तुमचा प्रश्न, नोंद काढणार कोण? ज्याच्या बदलामुळे तिचं कारण संपतं त्याने, त्याच पुल रिक्वेस्टमध्ये. रिव्ह्यू करणाऱ्याने ते तपासायचं. तुम्ही इतकी वर्षं टेस्टिंगमध्ये आहात म्हणून हेही सांगतो: त्या फाइलमधल्या बऱ्याच नोंदी आमच्या टेस्टरांनी पकडलेल्या गोष्टींतून आल्या आहेत, आणि तिथे लिहिण्या-खोडण्याचा हक्क त्यांना डेव्हलपरांइतकाच आहे.