दोन इंच टेकलं म्हणजे टेकलं?

डोकं फिरलंय. परसातल्या अवजारांच्या खोलीच्या छताचं काम चाललंय. आतून दहा बाय बारा, नऊ इंची विटेची भिंत, दोन-दोन फुटांवर लोखंडी गर्डर, वर शहाबादी फरशी. मिस्त्रीला तीनदा बजावलं होतं, गर्डर अकरा फुटी आणा. आणले दहा फूट चार इंच! म्हणजे दोन्हीकडे भिंतीवर जेमतेम दोन-दोन इंच. विचारलं तर उत्तर काय? "मालक, टेकलंय की. कुठं जातंय?"

कुठं जातंय? अहो, हिशोब तरी करा! दीड इंच फरशी म्हणजे चौरस फुटाला नऊ-दहा किलो. वर दोन इंच काँक्रीट, ते अकरा किलो. एका गर्डरवर वीस चौरस फुटांचा बोजा येतो, म्हणजे चारशे किलो. दर टोकाला दोनशे. आणि ते दोनशे किलो कशावर? दोन बाय दोन इंचांवर, तेही भिंतीच्या आतल्या काठावर! वीट तिथंच चेंगरते, कड निसटते आणि भिंत वरून आत ओढली जाते. पावसाळ्यात वर चार माणसं चढली तर तो बोजा वेगळाच.

बरं, गर्डरच्या टोकाखाली बेड काँक्रीट, म्हणजे बोजा पसरवणारा काँक्रीटचा थर, टाकलंय का? नाही. लेव्हल येईना म्हणून फुटक्या विटेच्या चिपा सरकवल्या आणि मालानं थापून टाकलं. टोकांना रेड ऑक्साईडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा, हातसुद्धा नाही. भिंतीत ओल धरली की लोखंड गंजून फुगणार आणि भोवतालची वीट फोडणार. वर टोकाशी माल गच्च ठासलाय. उन्हात दहा फुटी गर्डर मिलिमीटरभर तरी वाढतो, त्याला सरकायला जागा कुठं ठेवलीय?

आज सकाळी दोन गर्डरांखाली उभी चीर दिसली. फरशी अजून गर्डरांमधल्या सहापैकी दोनच गाळ्यांवर चढलीय!

आणि हे कुठं, तर आमच्या लातूर जिल्ह्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारीला काय झालं, ते इथं कुणी कुणाला सांगायला लागतं का? दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. भिंती फुटल्या आणि सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जिथं लाकडी खांब-तुळयांचे खण धड होते, तिथं भिंत ढासळूनही छत खांबांवर तगलं. त्यानंतर पुनर्वसनाच्या घरांत छताखाली भिंतीवरून सलग काँक्रीटचा बँड फिरवला, तो भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून. माझ्या खोलीला बँड कुठाय? "एवढ्याशा खोलीला कशाला?" म्हणे. खोली एवढीशी आहे म्हणून तिच्यातला माणूस एवढासा होतो का? फावडं घ्यायला माझी आई दिवसातून चारदा आत जाते!

मी गर्डरांखाली टेकूला बल्ल्या ठोकल्यात आणि फरशी उतरवून घेतलीय. आता सगळे गर्डर काढायचे, भिंतीवर चार इंच सलग बँड ओतायचा, सळईसकट. त्यावर अकरा फुटी गर्डर, दोन्हीकडे सहा-सहा इंच आत, टोकं रंगवून, बँडातून वर काढलेल्या बोल्टांना पक्के. पुढच्या वेळी "टेकलंय की" म्हणालात ना मिस्त्री, तर त्याच क्षणी काम बंद. उद्या सकाळी टेप हातात घेऊन मी स्वतः कामावर उभा राहणार आहे.