डीएनएच्या जोडीला शरीररचना हवीच
खोल समुद्रातील कास्थिमत्स्यांची (हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांची) ओळख आता डीएनएवरूनच पटेल, हा लेखाचा सूर मला थोडा घाईचा वाटतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या खोल पाण्यातील ‘हॅरिओटा एव्हिया’ या लांब नाकाच्या कायमेराला (शार्कच्या दूरच्या नात्यातल्या माशाला) 2024 मध्ये स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला, तो जनुकीय फरकाबरोबरच अरुंद, चपटे मुस्कट, मोठे डोळे आणि छातीजवळचे लांब, रुंद पर यांच्या नोंदींमुळे. तोवर तो जगभर पसरलेल्या एकाच जातीचा भाग मानला जात होता. (एव्हिया म्हणजे लॅटिनमध्ये आजी, संशोधक ब्रिट फिनुची यांनी आपल्या आजीचीच आठवण नावात जपली आहे.) शिवाय फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतला डीएनए बहुधा तुटलेला असतो, तिथे मोजमापांचाच आधार उरतो.